साथ आधी येते, लस मागाहून

फ्लूच्या महासाथीबद्दल एक गोष्ट आधीच मनाशी पक्की केलेली बरी. लस येते, पण उशिरा येते. नवा विषाणू ओळखल्यापासून लसीच्या पहिल्या कुप्या दवाखान्यात पोचेपर्यंत, सगळं सुरळीत झालं तरी, पाच-सहा महिने जातात. विषाणूला मात्र एका खंडातून दुसऱ्या खंडात यायला विमानाची एक खेप पुरते. हे मधले महिने आपण कसे काढतो, त्यावर किती जीव वाचतात ते ठरतं. ते कसे काढायचे, हे साथ दारात आल्यावर शिकायला कुणालाच सवड नसते. म्हणून हे चार शब्द आत्ताच, सगळं ठीकठाक असताना.

पुण्याने हे 2009 साली अनुभवलं. एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत एच1एन1चा नवा विषाणू सापडला. लोकांच्या तोंडी त्याचं नाव स्वाइन फ्लू झालं. मे महिन्यात भारतातला पहिला रुग्ण हैदराबादला निघाला. 11 जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. विमानतळांवर प्रवाशांकडून फॉर्म भरून घेणं, ताप तपासणं चालू होतं. तरीही 3 ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. आठवडाभरात शहराचा नूर पालटला. शाळा, कॉलेजं, सिनेमागृहं, मॉल बंद झाले. मास्क औषधांच्या दुकानांतून दिसेनासे झाले आणि रस्त्याच्या कडेला चढ्या भावाने मिळू लागले. कुणी रुमालावर निलगिरीचं तेल शिंपडलं, कुणी कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी खिशात बाळगली. कित्येक मंडळांनी दहीहंडी रद्द केली.

आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. अशा रांगेत कोण कोण असतं ते जरा जवळून पाहा. सकाळपासून दोन शिंका आलेला एक जण. ऑफिसने सर्टिफिकेट आणायला सांगितलं म्हणून आलेला दुसरा. तीन दिवस तापाने फणफणलेला तिसरा, आणि त्याच्या मागे तान्ह्या बाळाला कडेवर घेतलेली आई. सगळे खांद्याला खांदा लावून तासन्‌तास उभे. ज्याला लागण झालेली नव्हती, त्याला ती रांगेतच व्हायची सोय. ज्याला खरोखर धाप लागली आहे तो मात्र कुठेतरी मागे, कारण रांगेला रुग्णाची तब्येत कळत नाही. सुरुवातीला तपासणी होत होती ती पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि दिल्लीची प्रयोगशाळा अशा मोजक्याच ठिकाणी. शहरातल्या प्रत्येक नाकाचा नमुना तिथे तपासून होणं शक्यच नव्हतं.

आधी गट ओळखा, मग घराबाहेर पडा

त्याच ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने रुग्णांचे तीन गट ठरवून दिले. त्या साथीतून हाती आलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट. डॉक्टरांना ती पाठ असते, घराघरांत अजून पोचलेली नाही. फ्लूच्या कुठल्याही साथीत ती कामाची आहे.

पहिला गट ‘अ’. थोडा ताप, खोकला, घसा खवखवणं, अंगदुखी, डोकेदुखी, कधी जुलाब किंवा उलटी. या माणसाने घरीच थांबायचं. तपासणीची गरज नाही, टॅमीफ्लू या फ्लूच्या औषधाचीही नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज किंवा मुगाच्या खिचडीसारखं हलकं अन्न आणि झोप. एक-दोन दिवसांनी फोनवरून डॉक्टरांना तब्येत कळवायची.

दुसरा गट ‘ब’. यात दोन प्रकारची माणसं. एक, ज्यांचा ताप चढलेलाच राहतो आणि घसा अतिशय दुखतो. दोन, ज्यांना लक्षणं साधीच आहेत, पण ज्यांची प्रकृती मुळात नाजूक आहे: पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढचे वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असलेले, कर्करोगावर उपचार घेणारे. यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ऑसेल्टामिविर, म्हणजेच टॅमीफ्लू, पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. चौथ्या दिवशी ‘आता दाखवून येऊ’ म्हणणाऱ्याने आपल्या हातातला वेळ घालवलेला असतो.

तिसरा गट ‘क’. धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी, बेडक्यातून रक्त, नखं किंवा ओठ निळसर पडणं, रक्तदाब उतरणं. मूल असेल तर दूध ओढेनासं होणं, सतत झोपाळल्यासारखं पडून राहणं. इथे घरच्या सल्ल्याला जागा नाही. थेट रुग्णालय.

धाप ओळखायला सोपा उपाय आहे. लहान मूल शांत झोपलेलं असताना सदरा वर करा आणि पोट किती वेळा वर-खाली होतं ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळाचे श्वास 50 किंवा त्याहून जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा त्याहून जास्त भरले, तर ते मूल दवाखान्यात हवं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल तर मोजत बसू नका, निघा. आशाताईंना हे मोजणं शिकवलेलं असतं. तुमच्या वस्तीतल्या ताईंना एकदा दाखवायला सांगा. मोठ्यांसाठी, कोविडच्या वेळी घेतलेला आणि आता कपाटात पडलेला ऑक्सिमीटर बाहेर काढा, बॅटरी बदला. आकडा 94च्या खाली राहत असेल तर वाट पाहू नका.

आपल्याकडे ‘ताप अंगावर काढला’ हे कौतुकाने सांगितलं जातं. महासाथीत हे कौतुक महागात पडतं, आणि ते फक्त त्या माणसापुरतं राहत नाही. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस रुग्ण विषाणू पसरवत असतो. मुलं त्याहून जास्त दिवस. ताप अंगावर काढून कामावर जाणारा सकाळच्या लोकलमध्ये किती जणांना आजार देऊन गेला, हे त्याला कधीच कळत नाही. गोळी न घेता 24 तास ताप आला नाही, तरच बाहेर पडा.

हे सांगणं सोपं आहे, रोजंदारीवरच्या माणसाला ते पाळणं अवघड आहे, याची जाणीव ठेवूनच पुढचं बोलतो. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी, दुकानातला पोऱ्या, गाडीवरचा ड्रायव्हर तापाने आजारी पडला तर त्याला सांगा, ‘सात दिवस येऊ नकोस, पगार कापणार नाही.’ खाडा धरला की तो तापात येणार, खोकतच येणार, आणि तुमच्याच स्वयंपाकघरात येणार. शाळांनी शंभर टक्के हजेरीची बक्षिसं साथीच्या दिवसांत बंद ठेवावीत. कंपन्यांनी दोन दिवसांच्या तापाला डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागू नये. ती रांग आपणच लावतो.

औषधांबद्दल तीन गोष्टी. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. न्यूमोनिया झाला असेल तर ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. ‘एक सलाईन लावा, म्हणजे तरतरी येईल’ हा आग्रह सोडा. आणि मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नका; फ्लूमध्ये त्यामुळे मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

लस उशिरा का येते

2009च्या साथीतली लसीची तारीखवारी बघण्यासारखी आहे. विषाणू सापडला एप्रिल 2009मध्ये. पुण्यात हाहाकार उडाला ऑगस्टमध्ये. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस बाजारात आली जुलै 2010मध्ये. आणि 10 ऑगस्ट 2010ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या लस कारखान्यांपैकी एक ज्या शहरात आहे, त्या शहरालाही पहिली लाट लसीविनाच काढावी लागली.

यात कुणाचा आळस नव्हता. फ्लूची बहुतेक लस आजही कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून बनते. आधी अंड्यात नीट वाढेल असं विषाणूचं वाण तयार करायचं, मग लक्षावधी अंडी मिळवायची, वाढवलेला विषाणू गोळा करून शुद्ध करायचा, निष्प्रभ करायचा, प्रत्येक बॅचची तपासणी करायची, माणसांवर चाचणी घ्यायची, कुप्या भरायच्या. यातली एकही पायरी गाळून चालत नाही. कोविडच्या लसींमुळे नवी तंत्रं आली आहेत आणि हा काळ कमी होईल अशी आशा आहे, पण तो शून्यावर येणार नाही.

इथेच दरवर्षीच्या साध्या फ्लूच्या लसीचा महासाथीशी संबंध येतो. ज्या देशात दरवर्षी फ्लूची लस खपते, तिथे कारखाने चालू राहतात, अंड्यांचा पुरवठा बांधलेला असतो, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला मोठ्या माणसांना लस द्यायची सवय असते आणि 2 ते 8 अंश तापमान सांभाळणारे फ्रिज भरलेले असतात. जिथे मागणीच नसते, तिथे साथीच्या वर्षी सगळं नव्याने उभं करावं लागतं. तुम्ही यंदा घेतलेली लस तुमच्यासाठी आहेच. शिवाय पुढच्या मोठ्या साथीच्या तयारीतही तिचा वाटा आहे.

लसीकडून काय अपेक्षा ठेवावी

‘मागच्या वर्षी घेतली, तरी सर्दी झालीच’ ही दवाखान्यात हमखास ऐकू येणारी तक्रार. सर्दी करणारे विषाणू शंभरावर आहेत, फ्लूची लस त्यांच्यासाठी नाहीच. खुद्द फ्लूवरही ती पोलादी कवच नाही. लसीतलं वाण आणि गावात फिरणारं वाण जुळलं, तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याची शक्यता साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होते. ज्यांना लस घेऊनही फ्लू होतो, त्यांच्यात अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची वेळ कमी जणांवर येते. मधुमेह असलेल्या साठीच्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

दरवर्षी का घ्यायची? दोन कारणं. विषाणू थोडाथोडा बदलत राहतो, आणि लसीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत उतरत जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, जगभरातले नमुने पाहून लसीत कोणती वाणं घालायची ते ठरवतात. 2009चा तो ‘नवा’ विषाणूही कुठे गेलेला नाही. तो आता नेहमीच्या फ्लूचा भाग होऊन दरवर्षी फिरतो. 2015 साली त्यानेच देशात जवळपास 3 हजार जणांचा बळी घेतला, आणि त्या वर्षी महासाथ वगैरे काही जाहीर झालेली नव्हती.

आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो. हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा एक उचल खातो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. कोकणात पाऊस तोंडावर आल्यावर कुणी घर शाकारायला काढत नाही, ते मे महिन्यातच उरकतात. लसीचंही तेच: एप्रिल-मेमध्ये घ्या. कुपी कोणत्या मोसमाची आहे ते विचारा. गेल्या मोसमाची उरलेली घेऊ नका.

कुणी घ्यावी? ‘ब’ गटात सांगितलेल्या नाजूक प्रकृतीच्या सगळ्यांनी, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनी. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याचं संरक्षण आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतून होतं. म्हणून गरोदर स्त्रीने टोचायची लस जरूर घ्यावी. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र तिच्यासाठी नाही. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. महाराष्ट्रात 2015पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी सरकारी केंद्रांत ही लस मोफत देण्याची व्यवस्था झाली. साठा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून आधी विचारून जा. आणि नसेल तर ‘कधी येणार?’ हे लेखी विचारा. मागणी नोंदवली गेली नाही तर पुढच्या वर्षीही साठा येणार नाही.

शंका असतील तर त्या दडपू नका. सुईच्या जागी दुखणं, दिवसभर कणकण, हे होतं आणि जातं. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा आधीच्या लसीने मोठा त्रास झाला असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा.

लसीबद्दलची एक खरी आणि त्रासदायक हकिकतही सांगितली पाहिजे. 1976 साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक दगावला. 1918च्या फ्लूच्या महासाथीची पुनरावृत्ती होईल या भीतीने सरकारने सरसकट लसीकरण सुरू केलं आणि 4 कोटींहून अधिक लोकांना लस टोचली. महासाथ आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांत गियां-बारे या, हातपाय लुळे पाडणाऱ्या विकाराचे रुग्ण वाढले: लाखात सुमारे एक जास्त. डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. लपवावी अशी ही गोष्ट नाही. त्यानंतर लसीवरची नजर अधिक कडक झाली. अलीकडच्या लसींत हा धोका, असलाच तर, दहा लाखांत एक-दोन इतका आढळतो. खुद्द फ्लूमुळेही हाच विकार होऊ शकतो, आणि तो धोका लसीपेक्षा मोठा आहे. दोन्ही पारडी बघूनच लस घ्या असं सांगतो आहे.

दंडुक्याने साथ हटत नाही

हेही महाराष्ट्राने सोसून शिकलेलं आहे. 1897च्या प्लेगमध्ये पुण्यात रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोजीर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, माणसांना बळजबरीने छावणीत नेलं. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले, आणि 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस बनवली, आणि 10 जानेवारीला ती सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्चला गेल्या. लोकांनी कुणाच्या हाती आपला रुग्ण विश्वासाने दिला असेल, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रशासनाकडे आपण काही गोष्टी ठामपणे मागायच्या. रुग्णांचे आणि मृत्यूंचे आकडे रोज आणि खरे. कोणत्या रुग्णालयात किती खाटा मोकळ्या, हे एका फोनवर. तपासणी कुणाला आणि का, हे मराठीत, दारोदार. लस आली की ती कोणत्या क्रमाने, हे आधीच जाहीर. पहिला मान वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत दवाखान्यात काम करणाऱ्यांचा, मग गरोदर स्त्रिया आणि जुने आजार असलेल्यांचा. फ्लूच्या साथी नेहमी म्हाताऱ्यांनाच नेतात असं नाही. 2009मध्ये जगभर दगावलेल्यांपैकी बहुसंख्य 65 वर्षांच्या आतले होते. त्यामुळे क्रम दर साथीत नव्याने ठरेल. तो ठरला की नगरसेवकाचा फोन लावून पुढे घुसू नका. मोजक्या कुप्यांतली एक तुम्ही ओळखीने मिळवली, तर ती कुठल्या तरी गरोदर बाईच्या वाट्याची असते.

आत्ता करायची कामं

पुढची महासाथ कुठून येईल हे कुणी सांगू शकत नाही. 2006च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरमध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. माणसांत तेव्हा तो पसरला नाही. अशी कोंबड्यांची मर तुमच्या गावात दिसली तर मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका, विकू नका, हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तुमची ती एक खबर मुंबई-पुण्याचे कित्येक दिवस वाचवू शकते.

घरात एक खोली किंवा निदान एक कोपरा, खिडकीशेजारचा, आजाऱ्यासाठी ठरवून ठेवा. त्याची सेवा घरातल्या एकाच धडधाकट माणसाने करायची, आणि दोघांनीही मास्क लावायचा. पॅरासिटामॉल, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, मिठा-साखरेच्या पाण्याची पाकिटं आणि डझनभर साधे मास्क एका डब्यात ठेवा. घरातल्या नेहमीच्या गोळ्या, बीपीच्या आणि शुगरच्या, महिनाभर पुरतील इतक्या असू द्या. सोसायटीत किंवा वाडीत एकटे राहणारे वृद्ध कोण, त्यांना रोज हाक मारायची जबाबदारी कुणाची, हे गणपतीच्या मीटिंगमध्येच ठरवून टाका. मंडळाकडे माणसं असतात, फोन नंबर असतात आणि उत्साहही असतो.

आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मे महिन्याचं पान उघडून एखाद्या रविवारी आई-वडिलांच्या नावापुढे ‘फ्लूची लस’ असं लिहून ठेवा. दुधाचे, गॅसचे, पेपरचे हिशेब आपण तिथेच लिहितो. हाही लिहा, आणि सोमवारी दवाखान्यात फोन करून विचारा: यंदाची लस आली का?